कळण्याचं वय

‘अजून वय काय त्याचं? त्याला काय कळतंय?’ हे वाक्य आपल्या समाजात दोन ठिकाणी ऐकू यायला पाहिजे, पण येतं एकाच ठिकाणी. नऊ-दहा वर्षांचं लेकरू घर सोडून दीक्षा घेतो म्हणालं, तर कोणी ते म्हणत नाही. उलट रथ सजतो, बँड लागतो, लेकराच्या हातून वर्षीदान होतं आणि प्रवचनात सांगतात की हे पूर्वभवाचे संस्कार आहेत, इथे वय बघायचं नसतं. पण अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं आईजवळ बसून म्हणालं, ‘आई, मला लहानपणापासून मी मुलगीच आहे असं वाटतं, मला डॉक्टरकडे ने,’ की सगळ्या घराला एकदम त्याचं वय आठवतं.

आपल्या दिगंबरांत लहान मुलांना मुनिदीक्षा देत नाहीत, ठाऊक आहे मला. पण शेजारच्या श्वेतांबर कुटुंबातल्या सोहळ्याला आपण ठेवणीतली साडी नेसून जातोच ना? डोळे पुसतो, ‘धन्य ती माउली’ म्हणतो आणि जेवून घरी येतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1933 साली लहान मुलांच्या दीक्षेला आळा घालणारा कायदा केला, तेव्हा धर्मात हात घातला म्हणून ओरड झाली. 2016 साली आपल्या या जुळ्या शहरांत लहान मुलांच्या दीर्घ उपवासावरून वाद पेटला, तेव्हाही ‘मुलाची इच्छा होती’ हेच उत्तर आलं. म्हणजे मुलाच्या इच्छेला आपल्याकडे मान आहे. फक्त ती इच्छा समाजाला मिरवता येण्यासारखी हवी.

विषय कोणता ते आता सरळच सांगते. ज्या मुलामुलींना आपलं शरीर एक आणि आपण आतून दुसरे असं वाटत राहतं, त्यांना आज ट्रान्स किंवा पारलिंगी म्हणतात. त्यांच्यासाठी वैद्यकीय मदत असते. महिला मंडळात हा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा सुरी येते. ‘ती कापाकापी’ असं कोणीतरी म्हणतं आणि बोलणं तिथेच संपतं. वस्तुस्थिती अशी आहे की या मदतीतला मोठा भाग म्हणजे बोलणं. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांशी, समुपदेशकाशी महिनोन्‌महिने बोलणं. मूल काय म्हणतं, केव्हापासून म्हणतं, त्याला दुसरा काही त्रास आहे का, घरात मारहाण आहे का, हे सगळं बघणं. पुढे वय आणि गरज पाहून हार्मोनची औषधं, आणि त्यासोबत रक्ताच्या तपासण्या. शस्त्रक्रिया सगळ्यांना हवी असतेच असं नाही, आणि आपल्याकडे अठरा वर्षांच्या आतल्या मुलांवर ती सहसा करतही नाहीत. तेव्हा ‘लहान पोरांना कापतात हो’ म्हणणाऱ्या बाईला माझा सवाल आहे, कुठे कापतात? पत्ता द्या.

पत्ता मीच देते, पण दुसराच. मलकपेठहून मेट्रोत बसा, एमजीबीएसला गाडी बदला, सुलतानबाजार सोडून पुढचं स्टेशन नारायणगुडा. तिथे 2021 च्या जानेवारीत ‘मित्र’ नावाचं क्लिनिक सुरू झालं. पारलिंगी लोकांसाठीचं देशातलं असं हे पहिलं क्लिनिक, आणि चालवणाऱ्यांतही पारलिंगी माणसंच. हार्मोनविषयी सल्ला, मानसिक आधार, एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या तपासण्या, कागदपत्रांची मदत, साधा ताप-खोकला सुद्धा. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ‘पुरुषांच्या लाइनीत उभा राहा’, ‘बायकांच्या लाइनीतून हट’ असं दोन्हीकडून ऐकलेल्या माणसाला इथे नाव विचारून खुर्ची देत. तशीच क्लिनिकं पुढे कल्याणला आणि पुण्यालाही निघाली.

पैसा अमेरिकेच्या सरकारी मदतनिधीचा होता. 20 जानेवारी 2025 रोजी तिथे नवे अध्यक्ष आले आणि त्याच दिवशी त्यांनी परदेशी मदत रोखण्याच्या आदेशावर सही केली. तिकडे सही झाली आणि इकडे नारायणगुड्याचा जिना चढून आलेल्या पोरांना कुलूप दिसलं. तीन शहरांत मिळून पाच हजारांच्या आसपास लोक या क्लिनिकांवर अवलंबून होते. त्यांतल्या कोणाची औषधं अर्ध्यावर होती, तर कोणी हिंमत करून पहिल्यांदाच येणार होतं. या बंद पडण्यावर जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाने आपल्या अमेरिकन करदात्यांचा पैसा कुठे जात होता बघा, म्हणून जाहीर टोमणा मारला.

बातम्यांत आलं होतं की असं एक क्लिनिक चालवायला वर्षाला जास्तीत जास्त 30 लाख रुपये लागतात. हा आकडा मी दोनदा वाचला. बायांनो, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पंचकल्याणक महोत्सवात सौधर्म इंद्र होण्याची बोली कुठवर जाते, ते तुम्हाला माहीत आहे. पंचकल्याणक बंद करा असं मी म्हणत नाही, मीही त्या मांडवात बसते. पण जीवदयेच्या नावाने आपण कबुतरांना दाणे टाकतो, पांजरापोळाला हजारोंनी देतो आणि चौविहार पाळून सूक्ष्म जीवांनाही जपतो. मग पंचेंद्रिय जीव, तेही आपल्याच गल्लीतला, वॉशिंग्टनच्या भरवशावर का सोडला होता? काही महिन्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने ते क्लिनिक ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडलं. बरं झालं. पण ते टाटांनी केलं. हैदराबादच्या सराफ्यातून आणि गंजातून कोणी पुढे आलं असतं तर या लेखाचा सूर जरा वेगळा लागला असता.

आता तिकडचं सांगते, कारण आपल्या निम्म्या लेकी-सुना तिकडेच आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमेरिकेने सुद्धा बंद केलं बघा’ म्हणून तिकडूनच येतं. अमेरिकेत 28 जानेवारी 2025 च्या आदेशाने एकोणीस वर्षांच्या आतल्या मुलांच्या अशा उपचारांमागचा सरकारी हात काढून घेतला. जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची बंदी कायम ठेवली, आणि आता निम्म्या राज्यांत तसे कायदे आहेत. इंग्लंडची तऱ्हा वेगळी आहे. तिथे डॉक्टर हिलरी कॅस यांनी चार वर्षं अभ्यास करून एप्रिल 2024 मध्ये अहवाल दिला की वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कच्चा आहे, जपून चला. त्यानंतर डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारने अठराच्या आतल्या नव्या मुलांसाठी ती औषधं, संशोधनाचा अपवाद सोडून, बेमुदत बंद केली. दुसऱ्या काही डॉक्टरांना हे पटलेलं नाही. बंद केल्याने नुकसानच जास्त होतं असं ते म्हणतात.

मी बीए आहे, मराठी आणि इतिहास घेऊन. हाडांची घनता आणि हार्मोनची पातळी यावर निकाल देणारी मी कोण? पण एवढं कळतं की डॉक्टरांत मतभेद असणं हे डॉक्टरकडे जाण्याचं कारण झालं, न जाण्याचं नव्हे. माझ्या गुडघ्यावरही दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. म्हणून गुडघ्याचा विभागच बंद करा असं कोणी मंत्री म्हणाला नाही. आणि कॅसबाईंच्या अहवालात या मुलांना हाकलून द्या असं कुठेही नाही. त्यांना जास्त नीट, जास्त जवळून आणि घराजवळ बघा, असंच आहे. तेवढं पान फॉरवर्ड करताना गळतं, काय की कसं!

आमच्याच वस्तीतली एक वहिनी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहिते. तिचं मूल एकोणीस वर्षांचं, इंजिनिअरिंगला. घरचे ‘तो’ म्हणतात. तिला स्वतःला ‘ती’ म्हटलेलं हवं आहे, म्हणून मी ‘ती’ म्हणते, यात माझं काही खर्च होत नाही. तिने घरी सांगितल्यावर आधी विधान करवलं. मग कोणा जाणकाराकडून मंत्रवलेलं पाणी आलं. त्यानंतर एका डॉक्टरकडे नेलं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, ‘लग्न लावून द्या, सगळं जागेवर येईल.’ डॉक्टरचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. असे एकट्या या शहरात किती असतील. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 साली असल्या ‘सुधारण्याच्या’ उपचारांना मनाई केली आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरवला, हे त्या डॉक्टरला कोणी कळवलेलं दिसत नाही.

पोरगी हुशार. तिने स्वतःच नारायणगुडा शोधलं. दोनदा जाऊन आली, तिसऱ्या वेळी कुलूप. मग तिने तेच केलं जे अशी हजारो पोरं करतात. मेडिकलच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणल्या आणि इंटरनेटवर वाचून रोज दोन-दोन, तीन-तीन घ्यायला लागली. त्या गोळ्यांवर चिठ्ठी कोण मागतं? तुम्ही-आम्ही घेतल्या तेव्हा निदान एकदा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला होता, पाय सुजतात का म्हणून विचारलं होतं. जास्त घेतल्या तर पायात रक्ताची गाठ होते, ती फुप्फुसात जाते. हे मी कोणाला भिववायला लिहीत नाही. ‘थांबा, मोठं होऊ द्या’ म्हणणाऱ्यांना मूल खरोखरच थांबतंय असं वाटतं, म्हणून लिहिते. डॉक्टरचं दार लावलं की मूल दुकानाच्या काउंटरवर जातं. तिथे वय विचारत नाहीत.

शरीरही थांबत नाही. पोराचा आवाज फुटला की फुटला, तो परत येत नाही. दाढी आली की आली. ज्याला आतून मुलगा वाटतं अशा मुलीची पाळी दर महिन्याला येतेच. आपल्यापैकी कितीजणींनी पहिल्या पाळीला रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आपण तर मुलीच होतो! ‘काही न करणं’ हे आपल्याला पाप नसल्यासारखं वाटतं, पण त्या काही न करण्याचाही परिणाम मुलाच्या अंगावर रोज होत असतो.

‘पण नंतर पस्तावा झाला तर?’ हा प्रश्न मला खरा वाटतो आणि तो विचारणारी आई वाईट नसते. काहींना होतो. म्हणूनच तर सावकाश जाणारा, दहा वेळा विचारणारा, ‘अजून सहा महिने बघू’ म्हणण्याची हिंमत असलेला डॉक्टर लागतो. असा डॉक्टर क्लिनिकमध्ये भेटतो, मंत्रवलेल्या पाण्यात नाही. आणि पस्ताव्याची एवढी काळजी असेल तर ती दीक्षेच्या मांडवातही न्या ना. तिथे परतीचा रस्ता किती कठीण असतो, परत आलेल्यांना समाज काय म्हणतो?

आता शास्त्राकडे वळते, कारण ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वाध्यायाची चौकी पुढे घेऊन कर्मकांडाचा एक अध्यायही वाचलेला नसतो. स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद हे तीन वेद आपण पाठशाळेत घोकलेत. नोकषायांत ते येतात. शरीराची घडण नामकर्मामुळे होते, भाव मोहनीय कर्मामुळे. म्हणजे द्रव्य वेगळं, भाव वेगळा. हजारेक वर्षांपूर्वीच्या नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात स्पष्ट आहे की हे दोन बहुतेक वेळा सारखे असतात, क्वचित विषम. शरीर एक आणि भाव दुसरा, हे आपल्या आचार्यांना अशक्य वाटलं नाही, विकृती वाटली नाही. कर्माचा उदय आहे, असतो, एवढंच त्यांनी नोंदवलं.

ओढूनताणून जुळवत नाही मी. शास्त्रातला ‘वेद’ म्हणजे मुख्यतः विषयवासनेचा भाव. आजचे डॉक्टर जे बोलतात ते तंतोतंत तेच नव्हे, आणि शास्त्राच्या लेखी तर तिन्ही वेद बंधनच; तुमचा-माझा स्त्रीवेद सुद्धा. पण मग तिन्ही बंधनं सारखी असतील तर एकालाच तुच्छ का लेखायचं? मल्लिनाथ भगवान आपण पुरुष मानतो, श्वेतांबर स्त्री मानतात. स्त्रीला त्याच देहात मोक्ष मिळतो की नाही यावर दोन्ही पंथांच्या आचार्यांनी शतकानुशतकं ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. जो धर्म देह आणि लिंग यावर इतका खोल वाद घालू शकला, त्याचे आजचे ट्रस्टी ‘शी, घाण विषय’ म्हणून मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेतून नाव खोडतात. खोडलं होतं, म्हणून लिहिते.

एक भीती मात्र कोणी तोंडाने बोलत नाही. ‘ते लोक पोरांना फितवतात, घेऊन जातात.’ ही भीती आजची नाही, ती निजामाच्या कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती. 1329 फसली, म्हणजे 1919 सालचा तो कायदा. हिजड्यांची नावं वहीत नोंदवायची, बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसले, नाचले-गायले तर विना वॉरंट पकडायचं, आणि सोळा वर्षांच्या आतला मुलगा त्यांच्या घरात सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद. निजाम गेला, संस्थान गेलं, आंध्र झाला, तेलंगणा झाला, आणि तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. वैजयंती वसंता मोगली यांनी याचिका केली, तेव्हा कुठे जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो रद्द केला. एकशे चार वर्षं! आणि त्या एकशे चार वर्षांत कोणी विचारलं नाही की ते पोर मुळात त्या घरात गेलं कशाला? त्याला कोणी नेलेलं नसतं. आपल्या घरातून बाहेर काढलेलं असतं. मलकपेठ गंजात दुकानाच्या मुहूर्ताला टाळी वाजवत येतात, त्यांना आपण एकशे एक रुपये देतो, नातवाच्या डोक्यावर हात ठेवा म्हणतो. त्यांतली प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचं पोर आहे, आणि कदाचित आपल्यासारख्याच घरचं.

आणि तो ‘लग्न लावून द्या’ हा सल्ला. यावर मात्र बाई म्हणून मला राग आवरत नाही. पोराचं काय व्हायचं ते होईल, पण ती कोणाची लेक तुम्ही त्या घरात आणता? लातूरची, परभणीची, कारंजाची एखादी बी.कॉम. झालेली मुलगी, पत्रिका आणि गोत्र बघून दिलेली. तिला वर्षभरात कळतं की नवरा आपल्याला हात लावत नाही, आणि दोष तिच्या रूपाला, तिच्या पायगुणाला दिला जातो. त्या मुलीची फसवणूक चोरीत मोडत नाही का? असत्यात मोडत नाही का? पाच अणुव्रतं आपण सासू झाल्यावर कुठे ठेवून देतो?

कायदा काय म्हणतो तेही सांगते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले. त्या लढ्यात आपल्या पुण्यात वाढलेल्या गौरी सावंतही होत्या. 2019 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात सरकारने हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन यांची सोय करावी, विमा द्यावा, असं लिहिलं आहे. 2022 मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या विम्याची घोषणा केली. आपल्या इथे त्याच सुमारास उस्मानिया हॉस्पिटलमध्ये प्राची राठोड आणि रूथ जॉन या दोन पारलिंगी डॉक्टर नेमल्या गेल्या. प्राची आदिलाबादच्या सरकारी कॉलेजात शिकलेल्या. डिसेंबर 2024 मध्ये तेलंगणा सरकारने 33 ‘मैत्री’ क्लिनिकं जाहीर केली. म्हणजे कागदावर दारं आहेत. परदेशी देणगी आटली तर पोरांनी कुठे जायचं, याचं उत्तर पंधराव्या कलमात आहे, आणि ते उत्तर सरकारकडून मोजून मागायचं काम फक्त पारलिंगी लोकांनीच का करायचं? आपण मांसाच्या दुकानांना पर्युषणात सुट्टी मिळावी म्हणून निवेदनं देतो. निवेदन कसं लिहायचं ते आपल्याला येतं.

मात्र या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती आयांसाठी आहे. ओळखीचं प्रमाणपत्र कलेक्टरकडून मिळतं. मूल अठराच्या आतलं असेल तर अर्ज आई-वडिलांनी किंवा पालकांनी करायचा. तिथे समुपदेशक, क्लिनिक, टाटा, अमेरिका कोणीच तुमच्याऐवजी सही करू शकत नाही.

बीड जिल्ह्यातले ललित साळवे यांचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. बीडही पूर्वी आपल्या निजामाच्याच राज्यातलं. ललिता म्हणून वाढवलेले, ललिता म्हणूनच पोलिसांत भरती झालेले. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर खात्याने नाही म्हटलं. कोर्टाची पायरी चढावी लागली. 2018 च्या मेमध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांचं लग्न झालं, मूल झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. मीही पेढा खाल्ल्यासारखी ती बातमी वाचली. पण तोवर ते तिशीला टेकले होते, हातात सरकारी नोकरी होती म्हणून कोर्टात उभे तरी राहू शकले. आमच्या वहिनीच्या पोरीकडे काय आहे? मेट्रोचा पास आणि सहावं सेमिस्टर.

वहिनीला मी ‘सबरंग’ उघडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्ही चला सोबत, हे यायचे नाहीत.’ भाऊसाहेबांना सांगायचं की नाही यावर आमचं अजून ठरलेलं नाही. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, ‘काकू, आधी ममीला नुसती तिथे बसू दे, माझा नंबर नंतर लावू.’ शनिवारी तिच्या कॉलेजला सुट्टी असते.